नुसतं पाणीच तर होतं

मी बोलतोय ते खोक्यातून, तेव्हा आवाज जरा दबका येईल. सांभाळून घ्या. मी सरबताचा काचेचा जग. कान तुटलेला.

ओहायोतल्या भट्टीत घडलो आणि आयोवातल्या एका कॉलेजगावी, मुलींच्या भगिनीसंघाच्या, म्हणजे सोरोरिटीच्या घरी आलो. दारावर संघाच्या नावाची ग्रीक अक्षरं, आत हसऱ्या-खिदळत्या पोरी. कुणाचे आईवडील आले की मला लिंबाच्या सरबताने भरून टेबलावर मिरवायच्या. लोक माझं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

दर शरदात घरात नव्या मुली येत. पण बहीण म्हणून घ्यायच्या आधी त्यांची काही आठवडे उमेदवारी चाले. प्रत्येकीला घरातली एक ताई मिळे. संघ स्थापणाऱ्या बायकांची नावं, शपथ, गाणी, सगळं तोंडपाठ लागे. चुकलं की दारूचा पेला. मग गल्लीच्या टोकाचं मुलांच्या अशाच संघाचं घर याच पायी कॉलेजने बंद केलं आणि आमच्या पोरींचं धाबं दणाणलं.

घराची अध्यक्ष ब्रिन, भारी हुशार. तिने नियम वाचून काढले. मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, दारू पाजायची नाही. मग तिने मला फडताळातून काढलं आणि नळाखाली धरलं. "पाण्याला कोण छळ म्हणणार आहे?" ती म्हणाली.

एवढ्यावर थांबली तर ती ब्रिन कसली! जी चुकेल तिने प्यायचंच नाही, तिच्यासाठी दुसरीने आपणहून पुढे यायचं, असं तिने ठरवलं. बहिणीची माया त्यातून कळते म्हणे. सक्ती कुणावरच नाही. फक्त कोण पुढे येते आणि कोण मागे राहते, ते सोफ्यावर बसून ताया बघत असत.

एका रविवारी दुपारची जेवणं उरकल्यावर नव्या मुलींना भिंतीशी उभं केलं. फोन टोपलीत गोळा केले. सगळ्यांचं पाठांतर चोख होईपर्यंत कुणी खोलीबाहेर जायचं नव्हतं, अगदी मोरीलासुद्धा. मुली घाबरून चुकत गेल्या आणि प्रत्येक वेळी त्यांच्यातली मारिट पुढे येत गेली.

मारिट मिनेसोटाची, गाईगुरांत वाढलेली, लाजरीबुजरी पोर. या एवढ्या गावात आपलं म्हणावं असं कुणीतरी असावं, एवढीच तिची आस. ती प्यायली की ताया टाळ्या वाजवत. मी रिता होई, पुन्हा भरून येई. टाळ्या ऐकून तिचा चेहरा असा उजळायचा की मला बघवत नव्हतं.

मग तिने कपाळ धरलं. डोकं फुटतंय म्हणाली, आणि तिथेच गालिच्यावर ओकली. ब्रिनने हात झटकला. "उकाड्याने झालं असेल. पाणी द्या तिला, बरं वाटेल."

हो, पाणीच! आणि ते द्यायला मला उचललं डेलियाने, म्हणजे मारिटच्या ताईने. तिने पेला भरून ओठांशी नेला. मारिटने डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं आणि जड जिभेने विचारलं, "आई, वासरांना कुणी पाजलं का गं?"

डेलियाने पेला खाली ठेवला, मी मात्र तिच्या हातातच राहिलो. ती फोनच्या टोपलीकडे वळली. ब्रिनने टोपली उचलून पाठीमागे धरली.

"अँब्युलन्स दारात आली की हे घर गेलं, कळतंय का तुला? पंधरा मिनिटं निजू दे, होईल ठीक."

"ती मला ओळखत नाहीये, ब्रिन."

"नाटकं करतात गं सगळ्या."

तेवढ्यात मारिटच्या हातापायांना झटके येऊ लागले. डेलियाने मला टेबलावर असं आदळलं की माझा कान तुटून तिच्याच मुठीत राहिला. रक्ताळल्या हाताने ती अनवाणी रस्त्यावर धावली आणि शेजारच्यांचं दार बडवू लागली.

अँब्युलन्सच्या माणसाने पहिलं विचारलं, हिने काय घेतलंय. ब्रिन म्हणाली, काही नाही, थोडं पाणी प्यायली. डेलियाने मला त्याच्यापुढे धरलं. "हा जग. भरभरून, दुपारपासून. आम्ही पाजलाय." त्या माणसाचा चेहरा पडला. एवढ्या पाण्याने मेंदूला सूज येते, असं तो स्ट्रेचर उचलताना म्हणाला.

मारिट वाचली. अजून तिला कधीकधी शब्द सापडत नाहीत. घराच्या दारावरची अक्षरं उतरली आणि मी पुरावा म्हणून कॉलेजच्या कचेरीत खोक्यात पडलो.

चौकशीच्या दिवशी मला टेबलावर ठेवलं होतं. कुणी बळजबरी केली का, असं डेलियाला विचारलं. ती म्हणाली, नाही. मग चौकशीच्या बाईंनी विचारलं, "ती नको म्हणाली असती तर?"

 "तर ती आमची झाली नसती," डेलिया म्हणाली.

मग मारिटला आत बोलावलं. शिपायाने रीतीप्रमाणे तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तिने पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच बाईंना विचारलं, "मी नाही प्यायले तर चालेल ना?"

 मला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. जाता जाता एवढंच सांगतो. आपल्यात घ्यायच्या आधी कुणाच्या हातात पेला द्याल, तर आत काय आहे ते नंतर बघा. तो खाली ठेवायची तिला मुभा आहे का, ते आधी बघा.