आधी भरलेली पिशवी

आमच्या घरात बाळाच्या आधी लंगोट येत नाही. दुपटं नाही, पाळणा नाही, तेलाची बाटलीसुद्धा नाही. पोटुशी बाईने नवव्या महिन्यात रिकाम्या हातांनी बसायचं, आणि कळा सुरू झाल्या की सगळ्या घराने धावाधाव करायची, अशी रीत. आधी तयारी केली की नजर लागते आणि आलेला पाहुणा दारातून परत फिरतो म्हणे. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात ही रीत सगळेच पाळतात, पण माझ्या सासूबाई रखमाबाई यांनी ती जपली तशी देवघरातली समईसुद्धा जपली नसेल.

पहिल्या खेपेला मी ती मुकाट्याने पाळली. नवी सून होते, आणि नव्या सुनेचं डोकं पदर घेण्यापुरतंच असतं अशी माझी समजूत होती. भर पावसात, दुपारी कळा सुरू झाल्या. सासूबाई सुकी मासळी घेऊन वाणगावच्या बाजारात गेल्या होत्या. लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या कनवटीला. पैसे कपाटात, माझे तपासणीचे कागद कपाटात. मग ओट्यावर पंचायत भरली. कुणी म्हणे डहाणूला न्या, कुणी म्हणे वाणगावला खाजगी डॉक्टर आहे, एका शहाण्याने अच्छाडच्या नाक्यावरून थेट गुजरातेत न्यायचा सल्ला दिला, कारण त्याच्या मेव्हणीचं तिकडे चांगलं झालं होतं. मी आत जमिनीवर पडून हे सगळं ऐकत होते. जतीन, माझा नवरा, गाडीसाठी पावसात घरोघर फिरत होता. गाडी मिळाली, एका ठिकाणी गेलो, त्यांनी दुसरीकडे पाठवलं. पोट फाडलं तेव्हा मुलगा गेलेला होता, आणि रक्त मिळेपर्यंत मीही जवळजवळ गेलेच होते.

देवाची मर्जी, असं सगळे म्हणाले. असेलही. पण किल्ली वाणगावला गेली होती ती कुणाच्या मर्जीने, हे मला कुणी सांगितलं नाही. तेव्हा मी हे मनातल्या मनात विचारलं. पुन्हा दिवस गेले तेव्हा ठरवलं की आता तोंडाने विचारायचं.

चंद्रावती ही आमच्या गावची आशा कार्यकर्ती. सातव्या महिन्यात ती येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि एकेक विचारू लागली. कुठल्या दवाखान्यात जाणार, कुठल्या गाडीने, सोबत कोण, रक्त कोण देणार. मला एकाचंही उत्तर येईना. शाळेत कधी एवढी लाज वाटली नव्हती. डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगून ठेवलं होतं की पहिलं सिझर आहे, अंगात रक्त कमी आहे, यावेळी कळांची वाट बघायची नाही, त्यांनी दिलेल्या तारखेला दाखल व्हायचं. रक्त देणारी दोन माणसंही आधी ठरवून ठेवायची.

मी डहाणूच्या बाजारात गेले, लंगोट, टोपडी, दुपटी आणली, एका पिशवीत भरली, वर माझे कागद ठेवले आणि पिशवी पुढच्या खोलीत खुंटीला टांगली. आतल्या खोलीत टांगता आली असती. पण लपवायला मी काही चोरी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी लोंबत होती. कागद तेवढे आत होते. सासूबाईंनी सगळे कपडे शेजारणीला, तिच्या तान्ह्या नातवासाठी देऊन टाकले होते. मी विचारलं तर शांतपणे म्हणाल्या की ज्यांच्या घरात बाळ आहे त्यांना दिले, आपल्याकडे अजून कुठे आहे. हे बोलून त्या बोंबील निवडायला बसल्या.

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या ट्रंकेतलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं, त्यांच्यासमोर बसले आणि टर्रकन फाडलं. एक लंगोट झाला. पुन्हा फाडलं, दुसरा झाला. मला वाटलं आता ह्या उठून थोबाडीत देतील. त्यांनी तसं केलं असतं तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं. पण त्या बोंबील हातात धरून नुसत्या बघत राहिल्या.

"मी दोन कुंच्या शिवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "एक हिरवी, एक पिवळी. घालायला दोघंही राहिले नाहीत. जतीनच्या वेळी सुईला हात लावला नाही, म्हणून तो आज उभा आहे."

ही गोष्ट आमच्या घरात कधी कुणी काढली नव्हती. माझा राग तिथल्या तिथे अर्धा झाला. उरलेला अर्धा मात्र मी सोडला नाही, कारण तो माझ्या मुलाचा होता.

"आई, माझ्या पहिल्यासाठी तर कुणी सुईत दोराही ओवला नव्हता," मी म्हटलं. "मग तो का गेला?"

मी उरलेलं लुगडं फाडलं, घड्या केल्या आणि पिशवी पुन्हा खुंटीला टांगली. त्यानंतर त्यांनी तिला हात लावला नाही, पण त्या खोलीतून जाताना तोंड फिरवून जायच्या. माझ्याशीही तेवढ्यापुरतंच बोलायच्या.

आता प्रश्न रक्ताचा राहिला. जतीनला वर्षभरापूर्वी कावीळ झाली होती, त्यामुळे त्याचं रक्त घेणार नव्हते. तो मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये जाऊन मित्रांना विचारायचा आणि खाली मान घालून परत यायचा. मासेमारीची पावसाळी बंदी उठायला थोडेच दिवस राहिले होते, सगळे पुरुष तिथेच जाळी दुरुस्त करत बसले होते, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच. आत्ता रक्त दिलं तर दर्यात दोर ओढताना हातात जोर कुठून आणायचा? वादळात उभे राहणारे हे वाघ, सुई म्हटल्यावर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवायची.

जतीन भला माणूस आहे, पण त्याला नाही हा शब्द ऐकला की पटतो. मग मीच गेले.

शेडच्या दारातच एक मोठं जाळं आडवं पसरलेलं होतं. आमच्याकडे पोटुशी बाईने जाळं ओलांडायचं नसतं, ओलांडलं तर ते रितं येतं. मला बघून सगळ्यांचे हात थांबले. नारूकाका आमच्या बोटीचे तांडेल, दर्यात बोट त्यांच्याच हुकमावर चालते, गावात त्यांच्या शब्दाला मान. ते म्हणाले, "बाय, काय असेल ते तिथूनच सांग."

मी पदर खोचला, पोटाला हात लावला आणि जाळं ओलांडलं. घाई केली नाही. एक पाय टाकला, तोल सावरला, मग दुसरा. जतीन कोपऱ्यात बसला होता, त्याने डोळेच मिटून घेतले.

कुणीतरी पुटपुटलं की आता झालं, जाळं रितं येणार. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "गेल्या वर्षी रितंच आलं होतं. तेव्हा मी पोटुशी नव्हते."

मग मला जे बोलायचं होतं ते मी बोलले, आणि नीट बोलले, कारण घरी किती दिवस मनात घोळवलं होतं. "नारूकाका, बोट पाण्यात घालायच्या आधी तुम्ही बर्फ भरता, डिझेल भरता, तांदूळ भरता, प्यायचं पाणी भरता. बुडू नये म्हणून अंगात घालायची जॅकेटं मोजून घेता. जॅकेट घेतलं म्हणून वादळ येतं का?"

नारूकाका म्हणाले, "नाही येत."

"मग बाईच्याच खेपेला काही भरायचं नाही, हे कुणी ठरवलं? मी रिकामी जाणार नाही. मला दोन माणसांचं रक्त पाहिजे. नसेल द्यायचं तर माझ्या तोंडावर सांगा, जतीनला सांगू नका."

पहिला उठला प्रितेश. हा गावची मासळी टेम्पोतून डहाणू स्टेशनला पोचवतो, त्या दिवशी नुसता पत्ते खेळायला आला होता. म्हणाला, वहिनी, माझं घ्या, आणि दवाखान्यात न्यायला टेम्पोही माझाच. आता टेम्पोवाल्याने रक्त द्यायचं आणि तांडेलाने जाळ्याच्या गाठी मारत बसायचं, हे नारूकाकांना कसं सोसावं? ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले की माझं जुनं रक्त चालत असेल तर घ्या. चाललं. दोघांनी रक्तपेढीत जाऊन रक्त दिलं आणि त्या बदल्यात माझ्या नावाने दोन बाटल्या राखून ठेवल्या गेल्या. नारूकाका पुढे चार दिवस भेटेल त्याला दंड दाखवत फिरत होते.

दाखल व्हायची तारीख आली. कळांचा पत्ता नव्हता. कळा नसताना दवाखान्यात जायचं म्हणजे मरणाला आवतण देणं, असं सासूबाई आदल्या दिवशी जतीनला म्हणाल्या होत्या, माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात. त्या येणार नव्हत्या. मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण मी उंबरा ओलांडायच्या आत त्या पाठ फिरवून मोरीत गेल्या. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण पाय थांबले नाहीत.

जतीनने पिशवी रेनकोटच्या आत काखेत दाबून धरली होती. गावाला दिसू नये म्हणून. मी टेम्पोत चढायचं सोडून तशीच उभी राहिले.

"बाहेर काढ," मी म्हटलं. "खांद्याला लाव. तुझ्याच मुलाचे कपडे आहेत."

ओट्याओट्यावरून बायका बघत होत्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग पिशवी बाहेर काढली आणि खांद्याला लावली. कान लाल झाले होते त्याचे. तरी टेम्पोत बसल्यावरही त्याने ती मांडीवर सगळ्यांना दिसेल अशीच धरली. त्या दिवशी मला माझा नवरा लग्नाच्या दिवसापेक्षाही जास्त आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ऑपरेशनसाठी न्यायला आले. स्ट्रेचरवर झोपवलं, सुई लावली, आणि एवढा वेळ ताठ असलेली मी एकदम घाबरले. चंद्रावती पायाशी उभी होती. मागचं सगळं आठवलं, तेच पांढरं छत, तोच वास. एवढ्यात कॉरिडॉरच्या टोकाकडून सुक्या मासळीचा वास आला आणि त्याच्या मागून सासूबाई आल्या. बाजाराची टोपली घरी टाकून, भिजलेल्या, प्रितेशच्या टेम्पोतून.

त्यांनी स्ट्रेचरची दांडी धरली. "मला अजून वाटतं तू चुकलीस," त्या म्हणाल्या. "भीतीने रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून आले."

"वाटू दे," मी म्हटलं. "हात धरा."

त्यांनी धरला. दारापर्यंत आल्या, तिथे सिस्टरने त्यांना थांबवलं.

ऑपरेशनमध्ये रक्त गेलंच. डॉक्टर भराभर बोलायला लागले, कुणीतरी बाटली आणायला सांगितलं, आणि ती लगेच आली. शोधायला कुणाला पावसात पळावं लागलं नाही. वर बाटली लटकत होती आणि मी तिच्याकडे बघत होते, आणि मग मी रडण्याचा आवाज ऐकला. तो माझा नव्हता.

मुलगी झाली. वॉर्डात आणल्यावर सिस्टरने तिला लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून सासूबाईंपुढे धरलं. सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घातले. सिस्टर पुन्हा म्हणाली, आजी, घ्या ना. त्यांनी मान हलवली.

"माझे हात नकोत," त्या म्हणाल्या. "दोघांना याच हातांनी घेतलं होतं."

सिस्टरला काही कळलं नाही. जतीनला कळलं, तो पुढे व्हायला लागला. मी त्याला थांबवलं. इतके दिवस मी त्यांच्याशी भांडले होते, आणि आता कळलं की भांडण अजून संपलेलं नाही, आणि हे हरले तर बाकीचं सगळं जिंकून काही उपयोग नाही. टाके ओढत होते, मान वर होत नव्हती.

"आई," मी म्हटलं, "मला उठता येत नाही. ही रडतेय. घ्या तिला."

त्या हलल्या नाहीत. पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मी म्हटलं, "मी हट्टी आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही घेतल्याशिवाय मी हिला जवळ घेणार नाही."

तेव्हा पदराखालून एक हात आला, मग दुसरा. सिस्टरने मुलीला त्या हातांवर ठेवलं. सासूबाईंनी श्वास रोखून धरला होता. पोरगी एकदा हुंदका देऊन थांबली, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा जोरात ओरडली.

"जड आहे गं," सासूबाई म्हणाल्या. आणि मग त्या रडायला लागल्या, वॉर्डातल्या सगळ्या बायकांसमोर, मोठ्याने, आधीच्या तिघांचं एकदम. सिस्टर त्यांना गप्प करायला पुढे आली. मी तिला म्हटलं, रडू दे त्यांना.