ओली गाठ

नावाडी हौशी पाहुण्यांना किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात हलक्या गळाने मासे धरायला नेई. मोठे मासे येण्याची जागा त्याने बायकोलाही दाखवली नव्हती, कारण बायकोच्या भावाची होडी त्याच धंद्यात होती आणि त्याचा त्या जागेवर डोळा होता.

"काका, मी अगदी नवखा हं," आजचा पाहुणा म्हणाला. बोलता बोलता त्याने दोरीला माशांना भुलवणारी पिसांची नकली माशी बांधली, गाठ तोंडात धरून ओली केली आणि मगच आवळली. नावाड्याने ते नेमकं टिपलं. कोरडी गाठ आवळली की दोरी कमजोर होते, हे नवख्याला कुठून ठाऊक? हा नक्की मेहुण्याचा हेर!

"चला, खास जागा दाखवतो," म्हणत त्याने होडी अशा खाडीत घातली, जिथे खेकडासुद्धा वाट चुकला तरच येई.

पाहुण्याने दोरी फेकली आणि होडीपेक्षा दोनच बोटं आखूड असा मासा उसळला. मग त्या माशाचा थोरला भाऊही गळाला लागला.

"तुमचे मेहुणे उगाच तुम्हाला चिकट म्हणतात," पाहुणा खूश होऊन म्हणाला. "आता सांगतो त्यांना."

एवढं घबाड मेहुण्याच्या घशात जाणार! नावाडी हात जोडून म्हणाला, "साहेब, ही जागा विसरा. त्यापेक्षा मी तुम्हाला माझी खरी जागा दाखवतो."

पाहुण्याने शांतपणे दोरी गुंडाळली आणि म्हणाला, "चला, ही तर पाहिली, आता तीही पाहून घेऊ."