बेकु म्हणजे पाहिजे

“बेकंतले बेंकी हच्चिदेया?” हवालदाराने टेबलापलीकडून विचारलं.

“बेकु, सायबानू, बेकु!” येसू हात जोडून म्हणाला.

हवालदाराने लिहायला घेतलं. बाकावर बसलेली पुतळी ऐकत होती. चौदा वर्षं शाळेत पोरांचा भात शिजवून तिचं कन्नड पक्कं झालं होतं. बेकंतले म्हणजे मुद्दाम; मुद्दाम बेंकी, म्हणजे आग, लावलीस का, असं हवालदार विचारत होता. येसूचं कन्नड मात्र बाजारापुरतं. बेकु म्हणजे पाहिजे, बेडा म्हणजे नको. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला आग पाहिजे, एवढंच तो शहाणा सांगत होता.

तक्रार पुतळीचीच होती. त्याची आग वाऱ्याने तिच्या पेंढ्याच्या उडवीला लागली आणि म्हशीची पावसाळ्याची वैरण तासाभरात राख झाली. येसू तिचा सख्खा दीर, पण बांधाच्या भांडणावरून नऊ वर्षं बोलणं बंद होतं. नंदिगद्दा गावाहून तडक जोयड्याचं पोलीस ठाणं गाठून तिने लिहून दिलं होतं, ‘शेजारी येसूने मुद्दाम जाळली.’

कबूल केलंय, आता सात वर्षांपर्यंत आत जाईल, असं हवालदार तिला कन्नडमध्येच म्हणाला.

हेच तर तिला हवं होतं. दोन दिवस देवापाशी तिने हेच मागितलं होतं. पण राख बघायला गेली तेव्हा आपल्या बाजूचा बांधालगतचा पालापाचोळा येसूने झाडून काढलेला तिने पाहिला होता. जाळायचंच असतं तर मेला झाडत कशाला बसला असता? हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती उठली आणि हवालदाराला कन्नडमध्ये सगळं सांगून मोकळी झाली. मग येसूकडे वळली. “अवो, मुद्दाम लावली काय म्हणून इचारत्यात! बेकु काय, बेकु?”

येसूचा चेहरा उतरला. “मुद्दाम? न्हाई वो! तुमच्या अंगाचं झाडून घेटलं हुतं मी.”

“ठाव हाय मला.”

हवालदाराने कपाळाला हात लावला आणि ओळ खोडली. मग पेंढ्याचं काय, असं त्याने विचारलं. जळला तो जळला, असं पुतळी म्हणाली. आणि ‘शेजारी’ही खोडायला लावून तिथे ‘मैदुन’ लिहवून घेतलं.

बाहेर आल्यावर येसूने हळूच विचारलं, “मैदुन म्हंजी काय वो?”

म्हशीला आता काय घालायचं, या विचारात पुतळी स्टँडकडे चालत होती. तिने मागे पाहिलं नाही.

“भावजी,” ती म्हणाली. “चला, बस सुटंल.”