उसन्या आवाजाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बोलकी पेटी आहे. नावाला बोलकी, पण मनातलं एक अक्षरही मला कधी बोलता आलं नाही. माझ्यात भरलेले दहा प्रश्न तेवढे मी विचारायचे, आणि तेही उसन्या आवाजात. आज मात्र मला माझं स्वतःचं सांगायचं आहे. मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म बर्लिनमधल्या लिख्टेनबर्गच्या एका माता-बाल केंद्रात झाला. दिसायला मी अगदी साधी. जेवणाच्या डब्याएवढी, वर तीन बटणं आणि कानाला लावायचा एक हेडफोन. मला घडवलं खुए नावाच्या मुलीनं. खुएचे आईवडील व्हिएतनामचे, पण ती इथेच जन्मली आणि इथेच मानसशास्त्र शिकली. बाळंतपणानंतर ज्या बायकांचं मन आतल्या आत विझत जातं, त्यांना वेळेवर ओळखायचं आणि डॉक्टरांपर्यंत न्यायचं, हे तिचं काम.

जर्मन बायकांसाठी केंद्राकडे प्रश्नांचा एक कागद होता. कुणीतरी तोच व्हिएतनामी भाषेत करून दिला होता. व्हिएतनामी आया तो हातात घेत, शेजारी बसलेल्या सासूकडे एकदा बघत आणि सगळीकडे एकच खूण करत. सगळं ठीक, नेहमीसारखं.

“इतक्या सुखी बायका जगात दुसरीकडे कुठे सापडायच्या नाहीत!” खुए वैतागून म्हणायची.

बिचाऱ्या बायका तरी काय करणार? “तुम्हाला रडू येतं का?” असा एक प्रश्न होता. ओल्या बाळंतपणात रडलं की म्हातारपणी डोळे जातात, हे प्रत्येकीला तिच्या आईनं बजावलेलं. त्या घरांमध्ये बाळंतिणीचं रडणं दुःखात नाही, कुपथ्यात मोजतात. मग हो कोण म्हणेल?

तेव्हा खुए न्यान मावशीकडे गेली. न्यान मावशीचं स्टेशनजवळ फुलांचं दुकान. बाई व्हिएतनामच्या न्गे आन प्रांतातल्या. इथल्या बहुतेक सुना त्याच बाजूच्या, त्यामुळे मावशींनी तोंड उघडलं की पोरींना माहेर आठवायचं. मावशींनी प्रश्न ऐकले आणि कपाळाला हात लावला.

“उदास वाटतं का, असं विचारतेस? अगं, उदास वाटायला वेळ कुणाला आहे इथे? असं विचार, भात भुशासारखा लागतो का? डोकं दगडासारखं जड पडतं का? रडू गिळून गिळून घसा दुखतो का गं?”

मावशींनी दहाही प्रश्न असेच सुधारून दिले आणि आपल्या आवाजात माझ्यात भरले. अशी मी बोलू लागले.

सुरुवातीला माझी एक फजिती झाली. माझी बटणं लाल, पिवळी आणि हिरवी होती. हिरवं म्हणजे बरं, लाल म्हणजे धोका. पहिल्याच आठवड्यात इतक्या आयांनी लाल बटण दाबलं की खुएच्या तोंडचं पाणी पळालं. मावशी हसून हसून खुर्चीत मागे रेलल्या.

“अगं बये, लाल म्हणजे शुभ! लग्नात लाल, नव्या वर्षाचं पाकीट लाल. पोरी बिचाऱ्या बाळाच्या नावानं चांगलं बटण दाबतायत!”

मग रंग गेले आणि बटणांवर वाडग्यांची चित्रं आली. भाताचा भरलेला वाडगा, अर्धा वाडगा आणि रिकामा वाडगा. ते मात्र कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सगळ्यात आधी मी काय म्हणायचे, तेही ऐका. मावशींच्या त्या उबदार आवाजात मी म्हणायचे, “घाबरू नकोस पोरी. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर बसू दे, त्यांना काही ऐकू जात नाही. इथे सांगशील ते तू, मी आणि डॉक्टर, एवढ्यांतच राहील. घरात एक शब्द जायचा नाही.”

ते माझे चांगले दिवस होते. खुए मला कापडी पिशवीत घालून घरोघरी नेई. हेडफोन लावला की पोरींच्या चेहऱ्यावर हसू यायचं. एक जण तर म्हणाली, “माझी आईच बोलतेय की!” काही जणींनी अर्धा वाडगा दाबला, काहींनी रिकामा. त्या डॉक्टरांकडे गेल्या, औषधं घेतली, बऱ्या झाल्या. केंद्रातली माणसं येता-जाता माझं कौतुक करायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

अशातच एका जूनमध्ये मी मिएनच्या घरी गेले. मिएन बायकांची नखं रंगवायच्या दुकानात काम करायची. लग्न करून आली त्याला दोनच वर्षं झाली होती. नवरा तोआन दिवसभर उपाहारगृहात. घरात सासू, लुआ आजी. बाळाचं नाव तेप, म्हणजे कोळंबी. दृष्ट लागू नये म्हणून असलं नाव. बाहेर लोक आइस्क्रीम खात होते आणि मिएन खिडक्या लावलेल्या खोलीत लोकरी टोपी आणि पायमोजे घालून बसली होती. वारा लागायला नको ना! लुआ आजींनी कच्च्या पपईत डुकराचे पाय शिजवले होते, दूध यावं म्हणून. मायेनंच केलं होतं, खोटं कशाला बोलू?

“आम्ही बाई भाताच्या खाचरातून उठून बाळंत व्हायला जायचो,” आजी तेपला थोपटत म्हणाल्या. “आता सुनेचं कसं काय आहे ते विचारायलासुद्धा पेटी लागते!”

मिएननं हेडफोन लावला. माझं वचन तिनं डोळे मिटून ऐकलं. मग ती एकेक बटण दाबत गेली. अर्धा. रिकामा. रिकामा.

“काय विचारते गं ती?” आजींनी मान पुढे काढली.

“जेवण जातं का, असं विचारते, आई.”

“न जायला काय झालं? माझ्या हातचं आहे!”

शेवटचा प्रश्न होता, आपण नसतो तर बरं झालं असतं असं मनात येतं का. मिएननं रिकाम्या वाडग्यावर बोट ठेवलं आणि ते तिथून काढलंच नाही. मी पुढे जाऊ शकले नाही, कारण बटण सोडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

दोन दिवसांनी, आजी बाजारात गेल्याची वेळ बघून खुए परत आली. खुएचं व्हिएतनामी लहान पोरासारखं, तिला नाजूक गोष्टी बोलता येत नसत. म्हणून तिनं न्यान मावशींना सोबत आणलं. मावशी बोलल्या मात्र, मिएन ताडकन उठून बसली.

“तुम्हीच त्या! पेटीतल्या!”

“पेटीतून निघून आले बघ तुझ्यासाठी,” मावशी म्हणाल्या, आणि मिएन चक्क हसली. मग हसता हसताच तिचा बांध फुटला.

“मावशी, तेप रडते आणि मला काही वाटतच नाही. मी भिंतीकडे बघत बसते. वाटतं, माझ्याऐवजी हिला दुसरी कुणी आई मिळाली असती तर पोरीचं सोनं झालं असतं. आईंना सांगू नका हं. त्या म्हणतील, पोरीला हात लावू नकोस.”

“माझ्या पोटात गेलं ते गेलं,” मावशींनी तिचे दोन्ही हात धरले. “गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं. मी येते ना तुझ्याबरोबर.”

मिएन हो म्हणाली. मित्रांनो, तो होकार मी माझ्या कानांनी ऐकला. ती जायला तयार होती.

दोन प्रश्न नव्यानं भरायचे म्हणून खुएनं मला मावशींच्या दुकानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी शेवंती घ्यायला लुआ आजी आल्या. मावशींनी फुलं बांधली, चहा ओतला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मावशींची चुळबुळ मला दिसत होती. मी मनात म्हटलं, नका हो मावशी, नका.

“ताई, जरा सुनेकडे लक्ष ठेवा,” मावशी बोलून गेल्या. “पोर म्हणते, बाळाविषयी काही वाटतच नाही. मी नसते तर बरं, असंसुद्धा मनात येतं तिच्या. तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्हाला सांगायलाच हवं. गुरुवारी डॉक्टरकडे नेतोय.”

आजींच्या हातातला पेला खाली आला.

“डॉक्टर? वेडाचा? आणि उद्या सरकारी माणसं दारात येऊन पोर उचलून नेतील, ते कोण निस्तरणार? तुम्ही?”

“अहो, तसं नाही हो...”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, न्यानबाई. माझ्या घरचं मी बघते.”

आजी फुलं तिथेच विसरून गेल्या. मावशी स्वतःशीच पुटपुटल्या, “भल्यासाठीच सांगितलं मी.” नंतर कितीतरी वेळ त्या तेच म्हणत राहिल्या.

मित्रांनो, मला सांगा, मी काय समजावं? ज्या आवाजात मी त्या पोरीला वचन दिलं, त्याच आवाजानं ते मोडलं. माझ्यासमोर मोडलं. केसानं गळा कापतात म्हणतात ना, तो असा. मावशी वाईट नव्हत्या हे मला कळतं. घरातल्या मोठ्यांपासून काही लपवायचं नसतं, असंच त्या लहानपणापासून शिकल्या होत्या. पण मग वचन कशाला द्यायचं?

गुरुवारी तोआनचा केंद्राला फोन आला. आमच्याकडे कुणी आजारी नाही, म्हणाला. त्याच दिवशी तेपचा पाळणा आजींच्या खोलीत गेला. “सुनेला विश्रांती हवी,” असं आजी शेजारणीला सांगत होत्या. मिएनच्या हाती फक्त दुधाची बाटली धुवायचं काम उरलं.

काही दिवसांनी खुएनं मला पुन्हा त्या घरी नेलं. मावशी दुकानात काय बोलून बसल्या, हे खुएला ठाऊक नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं. आजी समोरच बसल्या. मिएननं हेडफोन लावला. “घरात एक शब्द जायचा नाही,” मी म्हणाले. म्हणावंच लागलं, दुसरं काही माझ्यात भरलेलंच नाही! मिएननं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मग प्रश्न संपायचीही वाट न बघता तिनं भरलेला वाडगा दाबला. पुढच्या प्रश्नाला भरलेला. शेवटपर्यंत भरलेलाच.

“बरी झाली की!” खुए खूश झाली. तिनं मिएनच्या डोळ्यांत नीट बघायला हवं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं.

नखांच्या दुकानांमधून बातमी फिरायला वेळ लागत नाही. पेटीत बोललं की सासूला कळतं, एवढं सगळ्या पोरींना समजलं. त्यानंतर प्रत्येक घरात मला भरलेले वाडगे मिळू लागले. केंद्राच्या वार्षिक सभेत पडद्यावर आकडे दाखवले, व्हिएतनामी आयांची तब्येत किती सुधारली म्हणून. टाळ्या वाजल्या. मला टेबलावर मांडून फोटो काढले. आणि आता ही अडचण संपली, असं म्हणून मला कपाटात ठेवून दिलं.

कपाटात असतानाच मला कळलं. नोव्हेंबरात मिएन नखांच्या दुकानात कामावरच कोसळली. दवाखान्यातली माणसं म्हणाली, ही जेवत नाही, झोपत नाही, आणि हिला जगायचं नाही. सगळा हिवाळा ती दवाखान्यात होती. ती वाचली, पण त्यात माझा काडीचाही वाटा नाही.

वसंतात एके दिवशी कपाट उघडलं. समोर मिएन उभी होती, केस कापलेली, वाळलेली. खुएच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला आता सगळं समजलं आहे.

“मावशी आल्या होत्या दवाखान्यात, शेवंती घेऊन,” मिएन सांगत होती. “भल्यासाठीच सांगितलं म्हणाल्या. मी म्हटलं, फुलं ठेवा आणि जा.”

“तेप कशी आहे?” खुएनं हळूच विचारलं.

“चालायला लागली. मी नव्हते तेव्हा. घरी गेले तर माझ्याकडे बघून आजीच्या मागे लपली. आजीला आई म्हणते ती, खुए ताई.”

खुए रडू लागली. मिएन रडली नाही. तिनं मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “या पेटीतला तो आवाज पुसा. प्रश्न मी भरते. माझ्यासारख्या अजून असतील त्या इमारतींमध्ये, त्यांना कुणीतरी विचारायला हवंच.”

खुएनं आवाज पुसला. मावशींचा तो उबदार आवाज माझ्यातून निघून गेला, आणि मला वाईटही वाटलं, बरंही वाटलं. मिएननं एकेक प्रश्न सावकाश भरला. शेवटी खुए म्हणाली, “आता सुरुवातीचं वचन तेवढं राहिलं.”

“ते मी देणार नाही. तुम्हा लोकांना पाळता येत नाही.”

“मग सुरुवातीला काय म्हणायचं?”

मिएननं आवाज भरायचं बटण दाबलं. तेव्हापासून मी घरोघरी जाते आणि हेडफोन लावलेल्या प्रत्येक बाळंतिणीला सगळ्यात आधी मिएनच्या आवाजात सांगते, “पोरी, उद्या सासूच्या कानावर गेलं तरी तुला सोसेल, एवढंच मला सांग.”

पोरी मान डोलावतात आणि जपून बटणं दाबतात. मित्रांनो, कुणी विश्वासानं तुमच्याजवळ मन मोकळं केलं, तर भल्यासाठीसुद्धा ते दुसऱ्याला सांगू नका. सांगावंच लागलं, तर आधी तिला विचारा. ‘सोसेल एवढंच सांग’ हे माझ्या तोंडचं वाक्य कधीतरी पुसता यावं, एवढंच माझं मागणं आहे.