बुडवून ठेवलेली क्लोव्हर

आमच्या बाने स्वतःच्या हाताने होडी बुडवली तेव्हा काठावरच्या घरांतली माणसं हसली. हसू देत. लाकडाची होडी रिकामी आणि कोरडी ठेवली की फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात, आणि दोन उन्हाळ्यांत तिचं सरपण होतं. पाण्याखाली ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. त्रेसष्ट सालच्या थंडीत कालवा तीन महिने गोठला, कोळसा लॉऱ्यांतून जायला लागला आणि आमचं काम थांबलं. "बर्फ वितळलं की बोलावतील," म्हणत बाने क्लोव्हर, म्हणजे आमची कोळसा वाहायची आणि राहायची होडी, कालव्याच्या एका बंद फाट्यात नेली. फाट्याच्या टोकाला जुन्या खाणीचा खोल खड्डा होता. तिथे त्याने तळाचं बूच काढलं आणि ती पुरती खाली जाईपर्यंत टोपी हातात धरून उभा राहिला.

नऊ वर्षं झाली, कुणी बोलावलं नाही. सरकारने आम्हाला दोन मजली घर दिलं. बा वरच्या मजल्यावर एक रात्रही झोपला नाही. त्याला स्वयंपाकघरातल्या अरुंद बाकावरच झोप यायची, तेवढीच जागा त्याच्या अंगाला माहीत होती. आयुष्यभर ओढलेला कोळसा शेवटी छातीत साठला. डॉक्टर म्हणाला, वसंत काढतील, पुढचं सांगत नाही.

बाने एकच गोष्ट मागितली. "तुझी आई ब्रॉन्स्टनच्या दफनभूमीत क्लोव्हरवरून गेली. मलाही तसंच ने, तिच्याशेजारी. त्या काळ्या मोटारीत कोंबलंस ना, तर बघ!"

"कोंबलं तर काय करशील?"

"उतरून चालत जाईन."

मी रूबेनला घेऊन फाट्यावर गेले. रूबेन आमच्या शेजारच्या होडीवर वाढलेला, आता साबणाच्या कारखान्यात पहारेकरी. आमच्या लोकांच्या अकरा होड्या त्या फाट्यात होत्या. ज्यांना खड्ड्यात जागा मिळाली नाही त्यांनी उथळ पाण्यात अर्ध्यामुर्ध्या बुडवलेल्या. त्यांच्या नुसत्या फासळ्या उरल्या होत्या. खोल्यांची छपरं आत पडलेली, चुलींचे गंजके तुकडे चिखलात, आणि आमच्यातली सारा ॲलकॉक ज्या होडीवर बाळंत झाली तिच्या खोलीतून झाड उगवलेलं. मला रडू आलं. रूबेनने तिकडे पाहिलंच नाही. त्याने लांब दांडा खड्ड्यात घातला आणि क्लोव्हरवर ठोकला. आवाज घट्ट आला.

"लिडे, अगं ठणठणीत आहे की म्हातारी! एक पंप आणि चार माणसं. पुढच्या महिन्यात वर काढू."

परतताना पुलावर पाटी दिसली. नवी, लाल अक्षरांची.

"काय लिहिलंय गं?" रूबेनने विचारलं.

आता खरं सांगते. आमच्यात कुणालाच वाचता येत नव्हतं, पण मी लहानपणी सहा आठवडे शाळेत गेले होते. तेवढ्यावर सगळ्या कालव्याने मला शिकलेली ठरवलं, आणि मीही ते नाकारलं नाही. लोक पत्रं घेऊन यायचे. मी पत्र आणणाऱ्याचं तोंड बघून मजकूर सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचा. आकडे मात्र मला खरोखर यायचे. पाटीवर चौदा होता.

"मासे धरायला बंदी," मी म्हणाले. "चौदा पौंड दंड."

"हे बरे मासे! आपल्याला घाबरून पाटी लावून घेतली," रूबेन हसला.

घराजवळच्या दुकानदाराला विचारता आलं असतं. तशी पुलाची पाटी कुणी खिशात घालून नेत नाही. पण चार ओळी कागदावर काढून आणता आल्या असत्या. मला लाज वाटली. कालव्यावरच्या शिकलेल्या बाईने दुकानदाराच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं!

बाला मी क्लोव्हर शाबूत असल्याचं सांगितलं. म्हातारा तीन आठवडे सुधारला. सूप मागून प्यायला. होडीवरच्या खोलीच्या दाराच्या पितळी मुठी त्याने बुडवण्याआधी काढून ठेवल्या होत्या, त्या रोज घासायला बसायचा. "कधी गं?" हा प्रश्न सकाळी एकदा आणि दुपारी दोनदा.

ठरल्या दिवशी आम्ही पंप घेऊन पोचलो, तर फाट्यात पाणीच नव्हतं. खोदणारं यंत्र खड्ड्याच्या तोंडाशी उभं होतं आणि मागे राडारोड्याचे ढीग. क्लोव्हर दोन तुकड्यांत काठावर पडली होती. फळ्या बाहेरून काळ्या, पण तुटल्या होत्या तिथे ओक नव्यासारखा पिवळा होता. तिला काहीही झालेलं नव्हतं.

मुकादम भला माणूस होता. "तुमची होती? अहो, मग कळवायचं ना! फाटा बुजवतोय म्हणून पुलावर पाटी लावली होती. चौदा दिवसांत कळवा, आम्ही फुकट वर काढून हव्या त्या ठिकाणी पोचवू. एकाही माणसाने कळवलं नाही."

रूबेनने माझ्याकडे पाहिलं. मग पंपाची नळी गुंडाळायला लागला. त्या दिवसापासून आमचं बोलणं नाही.

घरी बा बाकावर उठून बसला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, क्लोव्हरचं, पाटीचं. शेवटी म्हणाले, "बा, मला वाचता येत नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "वाचताना तुझे डोळे जागचे हलत नाहीत, पोरी. तू दहा वर्षांची असल्यापासून बघतोय."

"मग बोलला का नाहीस कधी?"

त्याने हातातली मूठ पुसायच्या कापडात गुंडाळली. "लोक तुला शिकलेली बाई म्हणून मान देत होते. माझ्या पोरीला. मलाही ते आवडायचं. आणि त्यात आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं."

अकराव्या दिवशी तो गेला, आणि मोटारीतून गेला. त्या अकरा दिवसांत मला एका शब्दाने टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.