नावाडी उठतो तिथपर्यंत

टण्ण. मग जरा थांबून पुन्हा टण्ण, टण्ण, टण्ण.

दुपारच्या शांततेत चमचा पेल्यावर आपटू लागला, तशी वाळलेल्या कपड्यांच्या ढिगात बसून मोज्यांच्या जोड्या लावणारी ती ताडकन उठली. चमचा म्हणजे बाबांची हाक. झटका आला तेव्हा त्यांची वाचा गेली, उजवं अंग गेलं. मागे उरला तो डावा हात आणि त्या हातातला चमचा. एकदा वाजला की पाणी. सारखा वाजला की ‘असशील तशी ये’.

“आले, आले! पेला फोडाल एखाद्या दिवशी. काय, कूस बदलायची?”

बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि पांघरुणावरचं वर्तमानपत्र तिच्याकडे ढकललं. पान भरून नव्या सिनेमाची जाहिरात होती. रुंद नदी, एक नाव, आणि वल्हं मारणाऱ्या माणसाची पाठ.

“अगं बाई!” ती पलंगाच्या कडेला बसलीच. “आपला नावाडी?”

बाबांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली.

आपला नावाडीच तो. बाबा थिएटरात सिनेमाचं यंत्र चालवायचे. सुट्टीच्या दिवशी तिला कुशीत घेऊन नावाड्याच्या गोष्टीच्या जाडजूड पुस्तकातून वाचून दाखवायचे आणि मध्येच पुस्तक छातीवर पालथं घालून म्हणायचे, “याचा सिनेमा झाला पाहिजे बघ. सुरुवातीला नुसतं पाणी. आवाजसुद्धा नाही.” मग नावाडी कोण करणार यावर बापलेकींची जुंपायची. तिला पोस्टमन हवा असायचा, बाबांना कोपऱ्यावरचा वाणी. “मिशी बघ की त्याची! अशी मिशी पुराला भीत नाही.” आणि शेवटी ठरलेलं वाक्य, “सिनेमा कुणीही काढो, यंत्राला हात मीच लावणार.”

पुढे थिएटरात नवी यंत्रं आली, त्यांना बाबांचा हात लागेनासा झाला. पण घरात एक रीत राहून गेली. रीळ तुटलं की खराब तुकडा कापायचा, दोन टोकं पट्टीने चिकटवायची, आणि बघणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. पुस्तकाचंही बाबांनी तेच केलं होतं. नावाडी तापाने अंथरुणाला खिळतो, सगळे आशा सोडतात, आणि एका पहाटे तो उठून वल्हं हातात घेतो. इथे त्यांची गोष्ट संपायची. पुढची पानं त्यांनी रिळाच्याच पट्टीने एकमेकांना चिकटवून टाकली होती. मोठी झाल्यावर तिने हळूच ब्लेड फिरवून ती वाचली. उठलेला नावाडी पुरात शिरतो आणि नाव तेवढी परत येते. ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि पानं पुन्हा होती तशी चिकटवली. बाबांना काही बोलली नाही. स्वतःची लेक झाली तेव्हा तिनेही तिला गोष्ट सांगितली ती नावाडी उठतो तिथपर्यंतच.

आता बाबांनी डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडून मिटली आणि पलीकडच्या खोलीकडे नजर टाकली. तिथे नात झोपली होती.

“कळलं हो,” ती म्हणाली. “शेवट यायच्या आत उचलून बाहेर आणते तिला. तुमचीच लेक आहे मी.”

रविवारी नवऱ्याने बाबांपाशी बसायचं कबूल केलं. “जा तुम्ही मायलेकी. त्या पुस्तकात माणूस वल्हं उचलतो त्यालाच चार पानं लागतात. सिनेमात तो पैलतीरी पोचेस्तोवर माझी एक झोप व्हायची.”

“बाबांना सूप भरवाल ना? गार करून. आणि घाई करू नका, ठसका लागतो.”

“आमची शाळा झालीये त्यात, बाई. निघा आता.”

लेकीचा तोंडाचा पट्टा दारातच सुरू झाला. घरात तिला टकळी म्हणत ते उगाच नव्हे. “नावाडी कोण झालाय? मिशीवाला वाणी झालाय का? आजोबा, मी आले की सगळं सांगते हं!” निघता निघता तिने आजोबांच्या चपला तपासल्या. पलंगाखाली, पुढची टोकं दाराकडे. रोज सकाळी ती त्या अशा लावून ठेवायची, म्हणजे उठल्याबरोबर पाय घालता येतील.

हे खूळ आईनेच तिच्या डोक्यात भरवलं होतं. आजोबा इस्पितळातून घरी आले त्या दिवशी पोरगी दारामागे लपून बसली, काही केल्या जवळ जाईना. तेव्हा आईच्या तोंडून निघून गेलं होतं, “नावाडी नाही का तापातून उठला? तसेच उठतील.” इस्पितळाच्या जिन्यापाशी डॉक्टर मात्र वेगळंच बोलले होते. आता सुधारणा होणार नाही, पुढचा झटका टाळणं कुणाच्या हातात नाही, जपा. ते तिने नवऱ्याला सांगितलं. बाबांना नाही. टकळीला तर नाहीच.

थिएटरात तिने मुद्दाम दाराजवळच्या कडेच्या खुर्च्या धरल्या. नावाडी उठून बसला रे बसला की ‘चल, बस चुकेल’ म्हणायचं, हे घोकून ठेवलं होतं.

दिवे गेले. पडद्यावर नुसतं पाणी आलं. आवाजसुद्धा नाही.

बाबा, बघताय ना? अगदी तुमच्या मनातलं! तिचे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांमुळेच धुक्यातून काय येतंय ते तिला उशिरा दिसलं. लेकीला आधी दिसलं.

“आई, नावेत कोणीच नाहीये.”

कात्री लावायची ती शेवटाला, हे इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणी शेवटच आधी दाखवील हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. वल्हं आडवं पडलेलं, नाव आपली आपण काठाला येऊन लागलेली. मग गोष्ट मागे गेली, नावाडी हसत हसत पडद्यावर आला, सगळं थिएटर त्याच्या थट्टेवर हसलं. टकळी हसली नाही.

“हा आधीचा आहे ना? नाव रिकामी व्हायच्या आधीचा?”

“बघ तरी पुढे, सोन्या.”

“मग नंतर तो कुठे जातो?”

तापाचा प्रसंग आला. पहाट झाली, नावाडी उठून बसला. तिने लेकीचा हात धरला. “चल, बस चुकेल.”

“नको.” टकळीने हात सोडवून घेतला आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरला. “आता तो पाण्यात जाणार आहे. मला माहितीये.”

आजूबाजूचे वळून बघायला लागले. उचलून न्यावं तर पोर रडून गोंधळ घालणार; न न्यावं तर सगळं समोर दिसणार. ती परत खुर्चीत टेकली. डोळ्यांवर हात धरू गेली, तोही टकळीने बाजूला सारला. मग ती नुसती लेकीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. तेवढंच करण्यासारखं होतं.

बसमध्ये पोरगी खिडकीबाहेर बघत होती. पट्टा पार बंद. मग म्हणाली, “आपल्या पुस्तकात असं नव्हतं.”

“होतं गं. मी लहान होते ना, म्हणून आजोबांनी ती पानं चिकटवली होती. कात्री लावली, असं म्हणायचो आम्ही.”

“आणि मला?”

“तुला मी लावली. तू घाबरशील म्हणून.”

“मी घाबरले नाही,” टकळी म्हणाली. “मला राग आलाय.”

घरी आल्यावर बुटांसकट ती आजोबांच्या खोलीत गेली. बाप सूपाची वाटी घेऊन उठला आणि बायकोचा चेहरा बघून स्वयंपाकघरात गेला. आई दारातच थांबली.

“आजोबा, सुरुवातीला नुसतं पाणी होतं. तुम्ही म्हणायचात ना, तस्सं! आवाज पण नव्हता.”

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात वर येईना, कारण त्या हातात चमचा होता आणि त्यांना तो सोडायचं सुचत नव्हतं. टकळीनेच फ्रॉकच्या टोकाने त्यांचा गाल पुसला.

मग ती खाली वाकली. एक चप्पल सूप भरवण्याच्या गडबडीत बापाच्या पायाने उलटली होती. पोरीने ती हातात घेतली, सरळ करायला म्हणून, आणि तशीच धरून उभी राहिली.

बाबांनी मान वळवून दाराकडे, लेकीकडे बघितलं. नातही बघत होती.

“आई, आजोबांच्या गोष्टीतलं पण तू काही कापलंयस का?”