अर्धा मिलिमीटर वर

मित्रांनो, कृपा करून मला हात लावू नका. हे मी शिष्टपणाने सांगत नाही. मी एक जुनी फरशी आहे, तळहाताएवढी, जाड काचेच्या पेटीत ठेवलेली. माझ्या अंगातून अजून थोडे किरण निघतात आणि ते थांबेपर्यंत तुमचे केस पांढरे झालेले असतील. माझी एक कड वितळून मेणासारखी ओघळली आहे, अंगभर भेगा आहेत आणि वर काळी लव उगवली आहे. शाळेच्या सहली येतात तेव्हा एखादी मुलगी काचेला नाक लावून म्हणते, "ई, ही कसली जळकी!" मला वाईट वाटते. पण जळकी तर मी आहेच. कशी जळले ते कोणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगते.

टंगस्टनच्या करड्या भुकटीतून माझा जन्म झाला. भुकटी दाबली, भट्टीत भाजली, लाटली, कापली, घासली. सगळ्या धातूंमध्ये सर्वांत उशिरा वितळणारा धातू म्हणून आमच्या कुळाचा नावलौकिक मोठा, आणि मलाही त्याचा ताठा होता. मला एन्शू नावाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात आणले. तिथले यंत्र म्हणजे एक भलीमोठी पोलादी कडी, आतून पोकळ. त्या पोकळीतली हवा काढून घेतात, चिमूटभर हायड्रोजन सोडतात आणि तो कोटी कोटी अंशांपर्यंत तापवतात, म्हणजे सूर्यात होते तसे अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा देतील. त्या तापलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. चुंबके त्याला भिंतीपासून दूर धरून ठेवतात, पण त्याची धग आणि राख कुठेतरी उतरायलाच हवी. ती उतरते तळाच्या खाचेत. तिथे आम्ही हजारो बहिणी तांब्याच्या बैठकींवर बसवलेल्या असतो, आणि बैठकीच्या पोटातून थंड पाण्याची नळी जाते.

आमचा एकच धर्म: सगळ्यांनी एका पातळीत बसायचे. तसे बसले की कणांचा मारा अंगावरून तिरका सरकून जातो. एखादीने डोके जरा वर काढले, की तोच मारा तिच्या कडेवर थेट बसतो. एक दशांश मिलिमीटर माफ होते. माझ्या बुडाखाली तांब्याचा एक बारीक कीस अडकला आणि मी अर्धा मिलिमीटर वर राहिले.

आता तुम्ही म्हणाल, हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? ते लक्षात यायला हवे होते आकाहोरीसानच्या; 'सान' म्हणजे तिकडचे 'राव'. चौसष्ट वर्षांचा हा जोडारी, म्हणजे फिटर, केंद्राचा अभिमान होता. पातळ हातमोज्यातून बोट फिरवून तो कागदाच्या जाडीचा फरक सांगायचा. त्याची बायको सगळ्यांना सांगे, "घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही या माणसाला, आणि म्हणे बोटाला डोळे आहेत!" मोजायचे यंत्र होते, नाही असे नाही. पण ते शंका आलेल्या फरशीलाच लावायचे, आणि आकाहोरीसानला शंका आली असे कधी घडलेच नव्हते.

तपासायची रीत अशी होती. फरशीच्या चारही कडांवरून बोट फिरवायचे, मग हात लांब करून तिच्याकडे बोट दाखवायचे, तिचा नंबर खणखणीत आवाजात पुकारायचा आणि ओरडायचे, "ठीक!" मग बाहेर येऊन कागदावर आपल्या नावाचा लाल शिक्का उठवायचा. माझा नंबर अकरा-चार, म्हणजे अकराव्या रांगेतली चौथी.

माझी पाळी आली त्याच्या आदल्या रविवारी आकाहोरीसान बहिणीच्या अंगणात उकडलेली रताळी वाळवणासाठी कापत होता आणि सुरी त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात शिरली. जखम असलेल्या माणसाने कडीत उतरायचे नाही, असा नियम आहे. पण कडी बंद करायला तीनच दिवस उरले होते. आपल्या एका बोटासाठी चाळीस माणसांचा खोळंबा व्हावा, हे त्याला मरणाहून जड. त्याने जखमेवर पट्टी गुंडाळली, वर हातमोजा चढवला आणि तोंडातून ब्र काढला नाही.

ते बोट माझ्या कडेवरून फिरले तेव्हा मला कापसासारखे मऊ लागले. त्याला काहीच लागले नाही. तो पुढे गेला, थांबला, बोट पुन्हा मागे आणले. मी जीव एकवटून वाट पाहत होते. अरे बाबा, नुसते 'यंत्र आणा' म्हण, एवढेच मनात. पण मागे माणसे खोळंबली होती. त्याने हात लांब केला आणि नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडला, "अकरा-चार, ठीक!"

त्यानंतर झाकणे लागली आणि अंधार झाला.

पहिल्या दिवशी प्लाझ्मा दोन सेकंद पेटला, मग पाच, मग वीस. शेजारणी नुसत्या कोमट व्हायच्या. माझी कड लाल व्हायची. प्लाझ्मा विझला की मी एकदम थंड पडायचे, आणि त्या ताप-गारव्याने अंगात पहिली भेग गेली. मग दुसरी. राखेतले हेलियमचे कण कातडीखाली शिरून बुडबुडे धरू लागले आणि अंगावर काळी लव आली. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. माझ्या अंगाचे अणू उडून प्लाझ्मात जायचे आणि त्याला थंड करायचे. ज्याच्यासाठी मला बसवले होते, त्यालाच मी विझवत होते.

बाहेर काय चालले होते ते मला नंतर कळले. माणसे माझ्यासमोर टेबलाशी बसून तेच तेच पुन्हा बोलली, तेव्हा.

भिंतीची धग दाखवणारा कॅमेरा सांभाळायचे काम इनाबा काहो या तरुण इंजिनिअर मुलीकडे होते; तिकडे आडनाव आधी लावतात. तिला अकराव्या रांगेत एक पांढरा ठिपका दिसत होता. तिने प्रयोगप्रमुख मोचिझुकी यांना दाखवला.

"चमक आहे ती," मोचिझुकी म्हणाले. "अहो इनाबासान, सगळी भिंत धातूची. आरसेमहालात एक दिवा लावला की शंभर दिसतात. त्यातला खरा कोणता, हे तुमच्या कॅमेऱ्याला काय कळणार?"

"पण रोज तिथेच दिसतो, सर. आणि रोज थोडा मोठा."

मोचिझुकींनी तपासणीचा कागद काढून तिच्यापुढे धरला. "हा शिक्का कोणाचा? आकाहोरीसानचा. त्यांच्या बोटांवर शंका घ्यायची, तर उद्या सूर्य पूर्वेला उगवतो का तेही तपासून या."

खोलीत हशा पिकला. काहोचे कान लाल झाले. दुपारी जेवणघरात ती आपले ताट घेऊन आकाहोरीसानसमोर बसली. वडीलधाऱ्या माणसाला 'तुम्ही खरंच हात लावला होता का' असे विचारणे म्हणजे थोबाडीत मारण्यासारखे, म्हणून तिने आडवळण घेतले.

"अकरा-चार आठवते का हो तुम्हाला?"

आकाहोरीसानचा घास हातातच राहिला. "का?"

"सहज. कॅमेऱ्यात जरा चमकते."

"मी ठीक म्हटलंय ना?"

"हो. म्हटलंय."

"मग झालं तर," तो म्हणाला. पण त्याने नूडल्स तशाच टाकल्या आणि उठला. काहोने आपले ताट पुढे ओढले. मित्रांनो, तिथे एक वाक्य कोणीतरी बोलले असते, तर आज मी धडधाकट असते.

पुढच्या गुरुवारी दुपारी शंभर सेकंदांचा प्रयोग ठरला. पाहायला बाहेरून पाहुणे आले होते. आकाहोरीसानला मानाने मागच्या रांगेत खुर्ची दिली होती, कारण महिनाअखेर तो निवृत्त होणार होता.

प्लाझ्मा पेटला. दहाव्या सेकंदाला माझी कड लाल झाली, विसाव्याला पिवळी. तिसाव्याला मी ज्या गोष्टीचा ताठा मिरवत आले ती संपली: मी वितळू लागले. माझाच एक थेंब माझ्याच अंगावरून घरंगळला. पण मला माझी भीती नव्हती. माझ्या बुडाखालचे तांबे माझ्याहून फार लवकर वितळते, आणि त्याच्या पोटात पाणी आहे. ते फुटले तर पाणी वाफ होऊन कडीत शिरणार, सगळ्या भिंती नासणार आणि यंत्र दोन वर्षे बंद पडणार. धग खाली खाली चालली होती. मला ती अडवता येत नव्हती.

"चाळीस," ध्वनिवर्धकावरून आवाज आला.

"सर, अकरा-चार तीन हजार अंशांच्या वर आहे!" काहो म्हणाली.

"चमक," मोचिझुकी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

"पन्नास."

मागच्या रांगेत आकाहोरीसान उभा राहिला. "थांबवा," तो पुटपुटला, पण ते कोणाला ऐकूच गेले नाही. "साठ," आवाज आला. तेव्हा त्याने हात लांब केला, पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे बोट रोखले आणि कडीत घुमायचा त्या आवाजात ओरडला,

"अकरा-चार, तपासलेली नाही!"

मोचिझुकींनी मागे वळून एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि बटण दाबले. प्लाझ्मा विझला. सदुसष्ट सेकंद झाले होते. नळीपर्यंत पोहोचायला धगीला दीड मिलिमीटर उरला होता, हे मला कापल्यावर कळले.

आकाहोरीसान माफीसाठी कमरेत वाकून उभा राहिला, तो बराच वेळ वर आलाच नाही. "बोट कापलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "काहीच लागलं नाही हाताला. तरी ठीक म्हटलं."

"तीन आठवडे!" मोचिझुकी कडाडले. "तीन आठवडे तुम्ही गप्प बसलात! पाहुण्यांसमोर..." मग त्यांची नजर काहोवर गेली. त्या तीन आठवड्यांत बोलणारे एक माणूस होते, आणि त्याला गप्प कोणी केले, हे सगळ्या खोलीला ठाऊक होते. मोचिझुकी काहोसमोर वाकले. काहो रडू लागली. "मीच सरळ विचारायला हवं होतं," असे ती म्हणत राहिली.

सहा महिन्यांनी कडी उघडली आणि मला बाहेर काढले. माझे अर्धे अंग कापून सूक्ष्मदर्शकाखाली नेले. हेलियमचे बुडबुडे किती खोल गेले, भेगा कशा पसरल्या, हे माणसे त्यातून शिकली. उरलेली मी या पेटीत आहे. बाजूला सरावासाठी लाकडी कडी आहे. आकाहोरीसान निवृत्त झाला, तरी आठवड्यातून दोनदा तिथे नव्या जोडाऱ्यांना शिकवायला यायचा. तपासणीचा कागद त्याने बदलून घेतला होता. 'ठीक'च्या शेजारी आता आणखी एक रकाना होता: 'माहीत नाही'. पण वर्ष गेले तरी त्या रकान्यात एकही शिक्का पडला नव्हता. सगळ्यांना सगळेच माहीत होते.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. आम्हा वस्तूंना जपा, पण जपणे म्हणजे नुसते पुसणे नव्हे. आम्हाला तोंड नाही. आमच्या बाजूने तुम्हालाच बोलावे लागते, आणि हाताला नीट लागले नाही ते 'लागले' म्हणालात, तर त्याची झळ आम्हाला बसते.

परवा आकाहोरीसानचा शिकवण्याचा अखेरचा तास होता. मोचिझुकी आले होते, काहोही होती. तो स्वतः लाकडी कडीत उतरला. एकेका फरशीवरून बोट फिरवत सात-नऊपाशी आला. बोट पुढे नेले, मागे आणले. पुन्हा पुढे नेले. मग त्याने हात लांब केला आणि पूर्ण ताकदीने ओरडला, "सात-नऊ, माहीत नाही!"

कोणी हसले नाही. काहो मोजायचे यंत्र घेऊन आत शिरली. "तीन शतांश मिलिमीटर," ती म्हणाली. "ठीक आहे, आकाहोरीसान. अगदी बरोबर बसलीय."

"बरं झालं," तो म्हणाला. "आता माहीत झालं."

मग तो बाजूला सरकला. त्याच्या मागे एक दांडगा जोडारी होता, ज्याने सकाळपासून चाळीस फरश्यांना 'ठीक' म्हटले होते. त्याने सात-दहावरून बोट फिरवले. ते परत मागे आणले. हात लांब केला.

"सात-दहा," तो म्हणाला. "माहीत नाही!"

आकाहोरीसान त्याच्यासमोर आदराने कमरेपर्यंत वाकला.